गच्चीवरचा सलाम

आधी चहा खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. या वयात माझ्या हातून असा गाढवपणा झालाय की आरशात बघायची चोरी!

तुम्हाला ठाऊक आहे, पन्नास वर्षांपूर्वी मी विमान चालवायला शिकले. लायसन्स अजून कपाटात आहे! पण नोकरीच्या मुलाखतीत साहेब म्हणाले, "लग्न झाल्यावर काय करणार?" माझ्या आधी आत गेलेल्या पोराला विचारलं होतं का असलं काही? छे! लग्नाच्या भीतीनं मला नोकरी दिली नाही, आणि लग्न काही झालंच नाही. मग सोलापुरात येऊन जन्मभर शाळेत गणित शिकवलं.

आता एकटीच असते. सकाळ कशीबशी सरते हो, दुपार सरत नाही. चार वाजता बोलायचं तरी कुणाशी?

अशात आपल्या गावात विमान सुरू झालं. माझ्या खालच्या खोलीत सुनंदा राहते, विमानतळावर साफसफाईला जाते. एक दिवस धापा टाकत वर आली.

"आजी, चारच्या गोव्याच्या इमानाची पायलट बाई हाय! लई लहान पोरगी वो, कॅप्टन!"

मला काय झालं विचारू नका. दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच गच्चीवर! विमान आलं, अगदी डोक्यावर, आणि माझ्याकडं एक पंख झुकवून गेलं!

अहो, ही आम्हा पायलट लोकांची रीत. ओळखीचं माणूस खाली दिसलं की पंख हलवून रामराम करायचा.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा!

"सुनंदा, तिला माझ्याबद्दल कुणी सांगितलं असेल गं?"

"सांगायला कशाला पायजे? तुमी तिच्या आदीच्या न्हाय का! वळखत आसंल की!"

झालं! मी विमान शिकतानाचा जुना पांढरा शर्ट काढला, कडक इस्त्री केली. रोज चार वाजता गच्चीवर सॅल्यूट. एकदा विमान रद्द झालं, तर मी अंधार पडेपर्यंत गच्चीवरच. दुसऱ्या दिवशी पंख जरा जास्तच झुकला. मी म्हटलं, पोरगी माफी मागतेय!

शेवटी राहवेना. परतीच्या त्याच विमानाचं गोव्याचं तिकीट काढलं. लोक समुद्र बघायला जातात, मी निघाले पायलट बघायला. गोव्यात सगळे उतरेपर्यंत जागेवर बसून राहिले. ती कॉकपिटच्या दारात आली, तसा मी शेंगाचटणीचा डबा पुढं केला.

"बाळा, हे तुझ्या रोजच्या रामरामाबद्दल. होटगी रोडची गच्ची. पांढरा शर्ट!"

पोरगी गोंधळली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, तिथं आम्ही उतरण्यासाठी वळतो. वळताना पंख झुकतोच ना. आणि मी तर आठवड्यातून दोनच दिवस येते."

म्हणजे बाकीचे पाच दिवस मी कुणा मिशीवाल्याला सॅल्यूट ठोकत होते!

पंख झुकल्याशिवाय विमान वळत नाही, हा फ्लाइंग क्लबातला पहिल्या आठवड्याचा धडा. लायसन्सवाली मी, त्यात गणिताची बाई! पण खरं सांगू? मला तो धडा आठवायचाच नव्हता. रोज ठरल्या वेळी कुणीतरी माझी दखल घेत होतं हो. इतकी एकटी पडले होते मी.

"आजी, तुम्हीपण पायलट होता?" माझ्या अंगातल्या पांढऱ्या शर्टाकडं बघत तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले, "शिक्षिका."

आता मी शहाणी झाले असेन, असं वाटतंय ना तुम्हाला? काल वारा फिरला. विमान उलट्या बाजूनं उतरायला आलं आणि रेल्वे लाइनीपलीकडच्या गच्चीवर पंख झुकवून गेलं. पंख का झुकला, ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी अर्धा तास कठड्याला टेकून, चष्मा पुसून पुसून मी बघत होते, की तिकडं कोण सटवी उभी आहे!