एन्टर दाबण्याआधी

एन्टर दाबण्याआधी नाना दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे. पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत जुनी माणसं बसतात ना, तसे. मग कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीला विचारायचे, "कोठे शे?"

खिडकी अर्थातच बोलायची नाही. मग तोच प्रश्न ते तिच्या भाषेत टाइप करायचे आणि ती निमूटपणे उत्तर द्यायची, की तुम्ही अमुक खात्यात उभे आहात. नाना मान डोलवायचे आणि मगच खरी आज्ञा लिहायला घ्यायचे. हे दिवसातून तीस-चाळीस वेळा चालायचं. शेजारच्या खुर्चीवर तुम्ही असता तर तुम्हीही माझ्यासारखेच दात आवळून बसला असता, तेव्हा मला लगेच दोष देऊ नका. पुढे द्यायला भरपूर जागा आहे.

आमची कंपनी जळगावात, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर क्लाउडचं नाव मोठ्या अक्षरात आहे, आणि क्लाउड म्हणजे ढग नव्हे हे मी आईला तीन वर्षं समजावतो आहे. आमची गिऱ्हाइकं म्हणजे केळीचे व्यापारी, दोन-तीन शाळा आणि एक दूध संघ. त्यांचं काम ज्या संगणकांवर चालतं ते कुठल्यातरी लांबच्या शहरात भाड्याने घेतलेले असतात आणि आम्ही ते कधी पाहिलेले नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं वेगळं, चाचणीचं वेगळं, आणि आपण ज्या खात्यात उभे असू तिथलीच यंत्रं आपली आज्ञा ऐकतात. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली की ते तिकडे उभे राहतात, बंद होतात किंवा कायमचे पुसले जातात. पुसायला एक ओळ पुरते. अशी एक ओळ हाताशी असली की माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. मला तर फारच वाटायचं, कारण मी टीमलीडर होतो आणि माझ्या टीममध्ये नानांसकट तब्बल तीन माणसं होती.

नाना मूळचे धुळ्याचे. तिथल्या एका सूतगिरणीत ते वायरमन होते. गिरणीत संगणक आला तेव्हा 'विजेवरच चालतो ना, मग तुमचाच' असं म्हणून साहेबांनी तो त्यांच्या गळ्यात घातला. नाना तो शिकले, इतके शिकले की गिरणीतले पदवीधर त्यांना विचारायला येऊ लागले. मग एका सकाळी कामावर गेले तर फाटकाला बाहेरून कुलूप. त्यांचा टेस्टर, पक्कड आणि आदल्या दिवशी विसरलेला जेवणाचा डबा आतच राहिला. गिरणी गेल्याचं ते फारसं बोलत नसत. टेस्टरचं मात्र बोलत. "मन्हा हातना टेस्टर व्हता," म्हणायचे आणि हात बघायचे.

आमच्याकडे आले तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. माऊस त्यांनी पहिल्याच दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला, कारण माऊसने केलेलं काम पुन्हा वाचता येत नाही. प्रत्येक आज्ञा आधी लांब वहीत उतरायची, मग फाइलमध्ये जायची आणि त्यानंतर खिडकीत. तिथेही ती थेट सुटायची नाही. आज्ञेच्या शेपटीला एक शब्द जोडला की यंत्र काम करत नाही, केलं असतं तर काय झालं असतं एवढंच सांगतं. हा शब्द नानांचा जीव की प्राण होता. "करू नको, नुसतं सांग," असं त्याला बजावून ते उत्तराची ओळ न् ओळ बोट लावून वाचायचे. जे काम आमची पोरं एका क्लिकमध्ये करत त्याला नानांना दहा मिनिटं लागत. त्यांच्या हातून आजवर काहीच बिघडलं नव्हतं, आणि बिघडत नाही त्या माणसाकडे ऑफिसात कोण लक्ष देतं?

यंत्रांना नावं द्यायचा मक्ताही त्यांचाच. खऱ्या यंत्रांना ते गावांची नावं द्यायचे आणि चाचणीच्या, म्हणजे आज आहेत उद्या नाहीत अशा यंत्रांना भाज्यांची. भाजी संपते, गाव राहतं, असं त्यामागचं तत्त्वज्ञान. त्यामुळे आमच्या ऑफिसात सकाळी 'दोंडाईचा अजून उठलं नाही' आणि 'मेथीला आज जागा पुरेना' असली वाक्यं गंभीर चेहऱ्याने बोलली जायची. एकदा शनिवारी धुळ्याच्या बसमधून त्यांनी मला फोन केला आणि इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, "वरणगाव उडाई दे, पिंपळनेरले हात लावू नको." जिथे दारूगोळ्याचा मोठा कारखाना आहे ते गाव उडवायची भाषा ऐकून कंडक्टरने गाडी बाजूला घ्यायला लावली. वरणगाव नावाचं यंत्र पुसून नव्याने उभं करायचं होतं, एवढंच. मग पारोळ्यापर्यंत नाना सगळ्या गाडीला क्लाउड समजावत होते. उतरताना एका बाईने त्यांना विचारलं म्हणे, की आमचं गाव पण टाका ना त्याच्यात.

आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते त्या सुमारास पुण्याहून एक शिबिर करून आले. शिबिराहून माणूस परत आला की कोणाचीतरी नोकरी जाते, एवढं मी आता शिकलो आहे. त्यांनी मला आत बोलावून विचारलं की टीममध्ये एक माणूस जास्त आहे असं नाही वाटत? माणसाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी म्हटलं, "बघतो सर." मी काय बघणार होतो हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. नानांनाही ते कळलं असावं, कारण त्या आठवड्यापासून ते वहीतच राहून गेलेलं जुनं सगळंही फाइलमध्ये उतरवायला लागले. आणखी दोन वर्षं काम करायची इच्छा आहे, साठ झालो की आपणहून उठतो, असं त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. मी तेव्हा मोबाइलमध्ये बघत होतो.

आता ती दुपार. चाचणीची यंत्रं फार साठली होती आणि ती साफ करायची होती. हे काम नानांना दिलं तर संध्याकाळ होईल, म्हणून टीमलीडरने स्वतः घेतलं. मी तीन ओळींची सुरेख स्क्रिप्ट लिहिली. या गटातली सगळी यंत्रं घे, एकेक करून पूस, मला काही विचारू नकोस. गटांची नावं चाचणीच्या आणि दूध संघाच्या खात्यात सारखीच होती, कारण सगळीकडे एकसारखेपणा हवा असा फतवा मीच काढला होता. सकाळी मी दूध संघाच्या खात्यात काहीतरी बघायला गेलो होतो. तिथून परत यायचं राहून गेलं होतं.

माझं बोट एन्टरवर असताना शेजारून आवाज आला, "भाऊ, कोठे शे?"

"ऑफिसात आहे, नाना," मी म्हटलं आणि दाबलं.

पोरं हसली. मीही हसलो. वांगं गेलं, मेथी गेली, असं पडद्यावर यायला हवं होतं. पडद्यावर आलं, पिंपळनेर गेलं. मग दोंडाईचा गेलं. मी थांबवायची कळ शोधत असताना वरणगावही गेलं. दुपारचे अडीच वाजले होते आणि साडेपाचला गावोगावच्या केंद्रांवर संध्याकाळचं दूध यायला लागणार होतं. कोणी किती घातलं, कोणाला किती फॅट लागली, हे सगळं त्या तीन गावांत नोंदवलं जायचं आणि ती तीन गावं आता नकाशावर नव्हती.

नानांनी मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "भाऊ, दोन चहा सांगी ये." चहा त्यांना नको होता, मला कीबोर्डपासून उठवायचं होतं. मी जिना उतरून दोन चहा सांगितले.

परत आलो तेव्हा नाना माझ्या खुर्चीवर होते आणि त्यांचे हात मांडीवर होते. ते खिडकीला विचारत होते की आपण कुठे उभे आहोत. अशा वेळीसुद्धा. मग त्यांनी वही उघडली आणि फाइल पहिल्या ओळीपासून चालवायला घेतली. यंत्र कसं उभं करायचं, त्याला किती जागा द्यायची, कोणती दारं उघडी ठेवायची, सगळं त्या फाइलमध्ये होतं. राहिला प्रश्न आतल्या नोंदींचा. त्यांची नक्कल रोज दुसऱ्याच एका खात्यात जात होती. ही नक्कल बंद करा, उगाच दुप्पट भाडं पडतं, असं मी त्यांना मेलने कळवलं होतं. त्यांनी 'बरं' असं उत्तर पाठवलं होतं आणि काहीही बंद केलं नव्हतं. नानांनी आयुष्यात माझी मोडलेली ही एकच आज्ञा असेल.

प्रत्येक यंत्र उभं करण्याआधी 'नुसतं सांग' झालंच. मी घड्याळ बघत होतो, ते ओळी वाचत होते. पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटचं वरणगाव उठलं. साडेपाचला कुठल्याशा केंद्रावरून पहिली नोंद आली, म्हशीचं दूध, चार लिटर. त्या म्हशीला काहीच कळलं नाही, आणि संघालाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, काल काय झालं म्हणे? मी म्हटलं, "चूक झाली होती, दुरुस्त झाली." कोणी केली आणि कोणी दुरुस्त केली हे न सांगताही मराठीत वाक्य पूर्ण होतं, ही केवढी सोय. सर खूश झाले. एवढ्या लवकर कसं जमलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं की सगळं फाइलमध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे कोणीही चालवू शकेल? मी म्हटलं, हो.

"मग झालं की," सर म्हणाले.

कशाचं काय झालं हे मला तिथेच समजलं. ती फाइल लिहायला काय प्रकारचा माणूस लागतो हे मी तेव्हा सांगू शकलो असतो. पुसणारा मी होतो हेही सांगू शकलो असतो, मग जास्तीचा माणूस कोण हा हिशेब कदाचित वेगळा निघाला असता. मी दार हळूच लावून बाहेर आलो. नानांच्या फाइलने कंपनी वाचवली आणि त्याच फाइलने त्यांना घरी पाठवलं, आणि मध्ये फक्त मी उभा होतो.

महिनाअखेरीस नानांचा शेवटचा दिवस आला. पेढे झाले, शाल झाली, सरांनी अनुभवाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. संध्याकाळी एकच काम उरलं. जाणाऱ्या माणसाचं नाव सगळ्या खात्यांतून काढायचं असतं आणि ते टीमलीडरचं काम. मी खिडकी उघडली तशी नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. ते गंभीर झाले की शुद्ध बोलायला लागत. म्हणाले, "गिरणीचं कुलूप दुसऱ्यांनी लावलं होतं. इथलं मी लावतो."

मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं आणि कीबोर्ड तेवढा आपल्याकडे ओढला. स्वतःचं नाव काढायची आज्ञा त्यांनी स्वतः टाइप केली. हात उचलून मांडीवर ठेवले. खिडकीला विचारलं कोठे शे, आणि तिने सांगितलेलं खातं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग आज्ञेला ती शेपटी जोडली. यंत्राने सांगितलं की असं केलं तर हा माणूस इथून काढला जाईल. नानांनी ओळीवर बोट फिरवलं.

"बराबर शे," ते म्हणाले. मग शेपटी पुसली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "आते दाब."

मला त्या क्षणी त्यांना सगळं सांगायचं होतं. सरांच्या केबिनमध्ये मी काय म्हणालो आणि काय म्हणालो नाही ते. मी दाबलं. नानांनी डबा पिशवीत घातला, ड्रॉवर उघडून माऊस टेबलावर जागच्या जागी ठेवला आणि धुळ्याची सव्वासहाची गाडी धरायला निघाले.

नानांनी लिहिलेल्या त्या फाइली आम्ही अजून चालवतो. प्रत्येक फाइल सुरू होताना थांबते आणि पडद्यावर विचारते, "कोठे शे?" समोर खात्याचं नाव टाइप केल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. नवी पोरं म्हणतात, ही ओळ काढून टाकू, वेळ जातो. मी काढू देत नाही. रोज सकाळी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवतो, नीट बघतो आणि खात्याचं नाव लिहितो. तेवढं उत्तर मला आता बरोबर येतं.