मसाई मारा आणि साहेबांचा वाढदिवस

वडवणीच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. आफ्रिकेचा धडा आला की फळ्यावर गवताळ प्रदेश काढायचा, मधोमध एक नदी काढायची, आणि विल्डेबीस्ट नावाच्या म्हशीसारख्या जनावरांचे कळपच्या कळप ती ओलांडून चाऱ्यामागे कसे जातात ते सांगायचं. सांगता सांगता मलाच ते दिसायला लागायचं. निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे हातात आले आणि मी घरात जाहीर करून टाकलं, सोनं नको, प्लॉट नको, मला केनियातली ती मारा नदी बघायची आहे.

आमचे हे खतांचं दुकान चालवतात, पण जीव सगळा राजकारणात. जिल्हा परिषदेचं तिकीट मिळावं म्हणून किती वर्षं साहेबांच्या मागेपुढे फिरतायत ते त्यांनाच ठाऊक. केनिया म्हटल्यावर आधी त्यांनी मला वेड्यात काढलं. मग मी ऑगस्टच्या तारखा सांगितल्या आणि गडी एकदम तयार. मीही भाबडी, म्हटलं उशिरा का होईना, बायकोची हौस कळली.

जाणाऱ्यांनी आधी पिवळ्या तापाची लस घ्यावी. ती कुठेही मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच देतात. साठी उलटलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. प्रवासाची परवानगी ऑनलाइन निघते. आम्ही दोघांसाठी वेगळी गाडी घेतली, म्हणून खर्च माणशी तीन लाखांच्या घरात गेला. चारचौघांत बसायची तयारी असेल तर बराच कमी होतो. आणि तिकडे प्लास्टिकच्या पिशव्या चालत नाहीत. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कॅरीबॅगमध्ये बांधली होती, ते सगळं मुंबईच्या विमानतळावर पंच्याच्या गाठोड्यात हलवलं.

नैरोबीहून माराला जायला पाच-सहा तास लागतात. वाटेत नारोकपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे मात्र पाठीची परीक्षा. गवत आपल्या माळरानासारखंच, फक्त संपत नाही. पहिल्याच संध्याकाळी हत्ती दिसले. मी डोळे पुसत होते तेवढ्यात यांनी बॅगेतून गुंडाळी काढली. उलगडली तर साहेबांचा हसरा फोटो, खाली 'अभीष्टचिंतन', आणि कोपऱ्यात हात जोडलेले हे. ऑगस्टचं गणित तेव्हा मला कळलं.

त्यानंतर आमची सहल त्या बॅनरची झाली. एक टोक यांच्या हातात, दुसरं आमचा ड्रायव्हर डॅनियलच्या, आणि फोन माझ्या. जिराफ मागे येईपर्यंत गाडी मागे-पुढे. डॅनियलने विचारलं, हे तुमचे देव आहेत का. हे म्हणाले, "तसंच समज." लॉजवर डाळ-भात, चपाती झकास मिळते, पण मला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच नदीवर पोचलो. पलीकडच्या काठावर कळप जमत होता. आधी मूठभर, मग काळा डोंगर. पुढचं जनावर पाण्यापर्यंत यायचं, वास घ्यायचं आणि माघारी वळायचं, की सगळा कळप वळायचा. डॅनियल म्हणाला, धीर धरा, आज नक्की उतरतील. मी छतातून मान काढून उभी होते. ओरडण्याचा तो आवाज मी वर्गात कधी काढून दाखवू शकले नव्हते, तो छातीत घुमत होता.

आणि यांनी घड्याळ बघितलं. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे. बीडला दुपारी बारा वाजता सोहळा होता, मंचावरच्या पडद्यावर यांना व्हिडिओ कॉल येणार होता, थेट आफ्रिकेतून शुभेच्छा. नदीवर रेंज नव्हती. मागच्या टेकडीवर होती.

डॅनियलने समजावलं, आता जागा सोडली तर पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं, तुम्ही जा, मी इथेच थांबते. पण तिथे गाडीतून पाय खाली ठेवायची मुभा नाही, तसा नियम आहे. गाडी जाईल तिकडे मला जाणं भाग.

"अगं, म्हशीच त्या," हे म्हणाले. "आपल्या बाजारात दर आठवड्याला बघती की. कशापायी एवढा जीव टाकती? हितं तिकिटाचा प्रश्न हाय."

मी भांडले. परक्या माणसासमोर, आवाज चढवून भांडले. तरी गाडी वळली.

टेकडीवर हे गाडीच्या छतातून बॅनर धरून उभे राहिले. मी फोन धरला. कॉल आला नाही. यांनी लावला तर कुणी उचलला नाही. ऊन चढलं, बॅनर वाऱ्याने फडफडत राहिला. मग डॅनियलच्या वायरलेसवर एकदम गलका झाला. तो ऐकत राहिला आणि माझ्याकडे न बघता त्याने आवाज बारीक केला. खाली नदीच्या रेषेवर धुळीचा लोट उठला होता. आम्ही पोचलो तेव्हा समोरचा काठ मोकळा होता, अलीकडची दरड ओली आणि खुरांनी फुटलेली. शेजारच्या गाड्यांतले लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मला यांचा राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

परत आल्यावर जिल्हा परिषदेच्या आरक्षणाची सोडत निघाली. आमचा गट महिलांसाठी राखीव. हे दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी खूश होऊन आले. साहेबांनी तिकीट दिलं होतं, माझ्या नावाने. मी नाही म्हणाले. आमच्या घरात माझं 'नाही' ऐकून घेतात, मोजत नाहीत. फॉर्मवर सही केली ती मात्र मीच, ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

फ्लेक्ससाठी माझा फोटो शोधला, तर अख्ख्या सहलीत माझा एकही निघाला नाही. शेवटी पासपोर्टचा लावला. मागची जागा बीडच्या डिझाइनवाल्याने नेटवरून भरली. आता वडवणीच्या चौकात मी हात जोडून उभी आहे आणि माझ्या मागे विल्डेबीस्ट नदीत उड्या घेतायत, पाणी उडतंय, धूळ सोन्यासारखी चमकतेय. खाली लिहिलंय, 'अनुभव जगाचा, ध्यास गावाचा'.

परवा प्रचाराला एका गल्लीत गेलो होतो. भाजी निवडत बसलेल्या एका म्हातारीने पत्रकावरच्या त्याच चित्रावर बोट ठेवलं. "बाई, एवढी जनावरं एकदम पान्यात? भ्या न्हाई वाटलं?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "भ्या कशाचं? आमी दोघं काठावरच व्हतो."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला हात जोडले आणि पुढच्या दारी गेले.