वगळलेल्या नऊ फाइली

रायपूरला आमच्या कंपनीत सोलर पंपाचे कंट्रोलर बनतात. बोर्ड प्रत्यक्ष जोडण्याआधी त्याचं सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, हे माझं काम. ऊन, व्होल्टेज, लोड बदलत दोनशे वेळा सिम्युलेशन करायचं आणि दर वेळचा ग्राफ काढायचा. माझ्या आधीचा माणूस एकेक फाइल उघडून ते करायचा. मला असल्या हमालीचा भारी कंटाळा, म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली. एक कमांड द्यायची, चहा पिऊन यायचं, तोवर सगळे ग्राफ एका पीडीएफमध्ये तयार. वर मर्यादेची लाल रेघ, खाली व्होल्टेजची निळी. साहेबांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं आणि आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

सुरुवातीला स्क्रिप्ट मध्येच अडकायची. काही फाइली अर्धवट होत्या, म्हणजे ते सिम्युलेशनच अर्ध्यावर बंद पडलेलं. का बंद पडलं, हे बघायला हवं होतं. त्याऐवजी मी एक ओळ वाढवली: फाइल अपुरी असेल तर सोडून पुढे जा. नंतर बघू म्हटलं. दोनशेतून एकशे एक्याण्णव ग्राफ निघाले. ते कोणी मोजले नाहीत, मीही नाही.

बोर्ड जोडायच्या त्या दीदी. सगळे त्यांना दीदीच म्हणायचे. वडील रेल्वेत, म्हणून अकोल्याहून आलेलं कुटुंब, घर रायपुरातल्याच ब्राह्मणपाऱ्यात. वीस वर्षं सोल्डरिंग केलेला हात. त्यांचं काम तपासायला आमच्याकडे कोणी बसत नसे. मे महिन्यात त्या याच डिझाइनचा पहिला बोर्ड चालवून बघत होत्या. पूर्ण वेगात असलेली मोटर त्यांनी नेहमीसारखी बंद केली आणि समोरचा कपॅसिटर फुटला. त्यांचा डावा डोळा गेला.

चौकशीत माझे ग्राफ पडद्यावर लावले. पानामागून पान सरकलं, एकही निळी रेघ लाल रेघेच्या वर नाही. "डिझाइन तो ठीक है," साहेब म्हणाले. उलटा बसवला की कपॅसिटर फुटतो; म्हणजे दीदींनी तो उलटाच बसवला असणार, असं ठरलं. दीदी पट्टी बांधून समोर बसल्या होत्या. मला वाटलं, भांडतील. त्या पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "एवढे ग्राफ काय खोटं बोलतीन? माह्याच हातानं झालं असन."

मग कुठे मी त्या नऊ फाइली उघडल्या. नऊच्या नऊ एकाच प्रकारच्या होत्या: पूर्ण वेगातली मोटर एकदम बंद. सेटिंग बदलून पुन्हा चालवल्या, तर नऊही वेळा निळी रेघ लाल रेघेच्या कितीतरी वर गेली. मी कोणालाच काही सांगितलं नाही. घाबरलो. दुसरं भारदस्त कारण माझ्याकडे नाही. पुढच्या बोर्डात मी गुपचूप मोठा कपॅसिटर टाकला, विचारलं तर म्हणालो, खबरदारी म्हणून. दीदींनी तोवर स्वतःहूनच काम सोडलं होतं.

सहा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बोलता बोलता कळलं, त्या आता घरातला बल्बसुद्धा स्वतः बदलत नाहीत, शेजारच्या भैयांना हाक मारतात. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी दोनदा विचारलं, "उलटा नव्हता ना लावला?"

"नाही दीदी. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. "डोळा गेला तो गेला, भाऊ. पण सहा महिने मी ह्या हातायले शिव्या देऊन राहिली होती."

मी रडलो. खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, "साहेबांले सांगितलं?"

"अजून नाही."

त्या उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. "मंग पहिले तिथं सांगून ये. सगळ्यांसमोर माहं नाव तिथं घेतलं होतं, इथं नाही."