आडनावाचे वैद्य

आमचं आडनाव वैद्य. घराण्यात कोणी काढे उकळल्याचं किंवा कोणाची नाडी धरल्याचं कुणालाच आठवत नाही. आजोबांची पिठाची गिरणी होती आणि बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. शाळेत आमच्या संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं की वैद्य हा शब्द विद्येवरून आला, म्हणजे ज्याला ठाऊक आहे तो. घरी येऊन मी ते बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग ठीक आहे. डॉक्टर कुठे बसतो, ते मला ठाऊक आहे."

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही बदलापूरला मांजर्लीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. दारावरची पाटी बाबांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका दुकानात करायला टाकली. ती हातात आली तेव्हा नाव बारीक होतं आणि आडनाव केवढं तरी मोठं. दुकानदार सिंधी, हौशी माणूस. तो म्हणाला, "वैद्यजी, दूर से दिखना चाहिए ना, पेशंट लोग को!" त्यानं इतक्या प्रेमानं केली होती की बाबांना काही बोलवेना. पाटी तशीच लागली, तीही रस्त्याच्या बाजूला.

मग माणसं यायला लागली. कुणाची कंबर, कुणाचा जुना खोकला. बाबा प्रत्येकाला आत बसवून पाणी द्यायचे आणि सांगायचे, "अहो, हे नुसतं आडनाव आहे." काही हसून जायचे, काही ओशाळायचे. आई म्हणायची, पाटी बदला. बाबा म्हणायचे, बघू.

एकदा जवळच्या खरवई गावातून एक मावशी आल्या. आगरी, साठीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवऱ्याच्या पायाला वावरात काहीतरी लागलं होतं आणि जखम भरत नव्हती. बाबांनी नेहमीचं उत्तर दिलं. मावशी पाणी पिऊन, "बरा, चालंल," म्हणून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात त्या परत आल्या, या वेळी नवऱ्याला रिक्षात घालून. काका उंच, रागीट चेहऱ्याचे, पायाला फडकं गुंडाळलेलं. त्यांना खुर्चीत बसवून मावशी थेट स्वयंपाकघरात आल्या. तिथे बाबा आणि मी चहा गाळत होतो. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो डाक्टरकडं नाय जात. त्याचा भाऊस दवाखान्यान गेला तो परत नाय आला. तवापासून वैद्याशिवाय कोणाचा ऐकत नाय. तुमी निस्ता सांगा, दवाखान्यान जा. तुमचा ऐकल."

बाबांचा चेहरा पडला. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल व्हायचे, तसे झाले. पण ते बाहेर गेले, काकांच्या समोर जमिनीवर बसले आणि त्यांनी फडकं सोडलं. वास माझ्यापर्यंत आला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

"काय लावू याला, वैद्यानू?" काकांनी विचारलं.

बाबांनी फडकं परत सैल गुंडाळलं. मग म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. याला सर्जन लागेल, तोही आजच. मी तुमच्याबरोबर येतो. तुम्हाला बाहेर आणेपर्यंत तिथून हलणार नाही."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. काका खुर्चीच्या हातांना धरून उठले आणि म्हणाले, "चला."

आम्ही चौघं स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात गेलो. सर्जन तरुण होत्या. त्या पाय तपासत असताना काका सारखे "वैद्यानू, वैद्यानू" म्हणत होते. ते ऐकून डॉक्टरांनी बाबांना सहज विचारलं, "तुम्ही आयुर्वेदाचे का?"

बाबांचे कान पुन्हा लाल झाले. "नाही हो. मी लेथवाला. वैद्य हे आडनाव आहे."

काकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तू मना फसवलास?"

"फसवला," मावशी म्हणाल्या. "आता पाय हलवू नको."

काका रागानं इतक्या जोरात ओरडले की बाहेरची माणसं डोकावली. मला वाटलं, आता हे उठून जाणार. पण बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो काढला नाही. काकांनीही तो झटकला नाही. रक्तात साखर खूप निघाली. काळं बोट काढावं लागलं, अंगठा वाचला. बाबा शब्दाला जागले. काकांना घरी सोडेपर्यंत ते रोज तिथे बाकावर बसून असायचे आणि मी ऑफिसातून येताना त्यांचा डबा न्यायचे. तेवढ्या दिवसांत काका त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढे पायाची जखम भरल्यावर एका सकाळी ते स्वतःच आले, काठी टेकत, पिशवीभर भेंडी घेऊन. पिशवी आईकडे दिली आणि बाबांना म्हणाले, "तुमचा अवशद लागू झाला." मग दोघं दुपारपर्यंत क्रिकेट बघत आणि प्रत्येक खेळाडूला नावं ठेवत बसले.

तेव्हापासून दवाखान्याला घाबरणारी खरवईची माणसं बाबांकडे यायला लागली. आता कुणाची फसगत नव्हती. पाटीमागे लेथवाला आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांना फक्त सोबत हवी असायची. बाबा चपला घालून निघायचे. नंतर नंतर काकाही जोडीला जायचे आणि पाय दाखवून सांगायचे, "बग, येक बोट गेला, मी हाय ना?"

गेल्या पावसाळ्यात नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं. पाणी वाढताना काकांचा मोठा मुलगा टेम्पो घेऊन आला आणि आईबाबांना खरवईला घेऊन गेला. घर वाळेपर्यंत ती दोघं तिथेच होती. मी भेटायला गेले तेव्हा आई मावशींच्या शेजारी बसून तांदळाची भाकरी थापायला शिकत होती आणि पहिली भाकरी फाटल्यामुळे दोघी हसत होत्या. बाबा ओट्यावर होते. डॉक्टरांनी बंद केलेला गोड चहा चोरून कसा प्यायचा, ते काका त्यांना समजावून सांगत होते आणि बाबा म्हणत होते की आत्ता जाऊन मावशींना सांगतो.

"जा सांग," काका म्हणाले, "पर पयला कप सरू दे."