पालथेकाकांची लेक

गल्लीतली पोरं त्यांना पालथेकाका म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लहान मुलाचा फोटो काढायचा म्हटलं की हा पन्नाशीचा धिप्पाड माणूस स्टुडिओच्या फरशीवर खुशाल पालथा पडे. "वरून काढलेल्या फोटोत पोर दिसत नाही, टाळू दिसते," असं त्यांचं म्हणणं. रांगतं बाळ खिडकीजवळच्या चटईवर सोडायचं, तेही पोट भरलेलं आणि झोप झालेली असली तरच. किरकिरं पोर आणलं तर आईलाच परत धाडायचे. चार वर्षांच्याला "खबरदार हसलास तर!" असा दम भरायचा, की तो फिदीफिदी हसलाच. आठ-नऊ वर्षांच्यांना बुटाची नाडी बांधायला लावायची. आणि वयात येणाऱ्यांच्या आईबापांना आधी बाहेर बाकावर नेऊन बसवायचं. या वयातली पोरं कॅमेऱ्याला लाजत नाहीत, घरच्यांना लाजतात, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

एवढं सगळं कळणाऱ्या माणसाची स्वतःची चौदा वर्षांची लेक मात्र कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार नव्हती.

तिच्या डाव्या गालावर पांढरा डाग आला होता. डॉक्टर म्हणाले, अपाय काही नाही. पोरगीही शहाणी, तिने तो निमूट आपला म्हणून घेतला. मग तिच्या वाढदिवसाचा फोटो काढून काका संगणकावर बसले आणि गिऱ्हाइकांच्या पुटकुळ्या पुसतात तसा त्यांनी तो डाग पुसून टाकला. निम्मी सवय, निम्मी माया. काम इतकं बेमालूम झालं की स्वारी स्वतःवरच खूश. लेकीने फोटो पाहिला. त्या दिवसापासून ती केस गालावर ओढून घेऊ लागली, आणि कॅमेरा दिसला की उठून जाऊ लागली.

काकांच्या डोक्यात उजेड पडेना. शेवटी बायकोनेच सुनावलं, "अहो, बाहेरचे बघत होते त्याचं तिला काही नव्हतं. बापाने पुसला, ते लागलंय तिला."

काकांचं तोंड एवढंसं झालं. तो फोटो त्यांनी लेकीसमोर टराटरा फाडला. "चुकलं माझं," म्हणाले.

"फाडून काय होतंय बाबा? तुमच्या मनात तीच आहे ना, बिनडागाची?"

यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. काकांनी चंगच बांधला. लेकीचा फोटो काढायचा, ती आहे तशी, आणि तिच्या राजीखुशीने. दाराआडून चोरून काढणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता. पण तसा फोटो आपला झाला असता, तिचा नाही. म्हणून दर रविवारी दुकान बंद असताना ते फरशी पुसत, खिडकी उघडत, लेन्स स्वच्छ करत आणि घरात येऊन विचारत, "येतेस?"

"नाही."

"बरं."

किती रविवार असे गेले, कोण मोजणार? बायको म्हणाली, आता पुरे. काका म्हणाले, तिने नाही म्हणावं, मी विचारावं, त्यात काय बिघडलं?

आणि एका रविवारी ती आली. आल्या आल्या तिने संगणकाची वायर भिंतीतून उपटली आणि हातात घट्ट धरून खिडकीशी उभी राहिली. केस कानामागे, डावा गाल उजेडाकडे.

काका सवयीने गुडघ्यांवर बसू लागले.

"बाबा, उभे राहा. मी काय आता रांगते का?"

ते उभे राहिले. लेक खांद्याला लागत होती, आणि हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं याची त्यांना लाज वाटली. हस म्हणाले नाहीत, मान वळव म्हणाले नाहीत. डागाची कडा अन् कडा स्पष्ट दिसेपर्यंत लेन्स फिरवली, बाहीने डोळे पुसले, पुन्हा फिरवली. मग फोटो काढला.

कॅमेऱ्यातून थेट छापलेली प्रिंट तिने बराच वेळ न्याहाळली. "मोठा करा. दुकानाच्या काचेत लावा," म्हणाली. 'लोक काय म्हणतील' हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि फ्रेम शोधायला गेले.

आठवडाभरात बाळाला घेऊन एक बाई आल्या. काचेपाशी थबकल्या. "फोटो झकास आलाय हो. पण तेवढा डाग पुसता येत नाही का तुम्हाला?"

काका तोंड उघडणार, तोच आतून लेकीचा आवाज आला.

"येतो ना काकू, बाबांना फार छान येतो. मीच नको म्हटलंय."