लक्ष्मीच्या अंगावरची जर

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून शिकत होते. सुट्टीत होडीने आमच्या गावी, सारसोळ्याला येई. कुणी विचारल्याशिवाय बोलत नसे, म्हणून गावात मला घुमी म्हणत.

माझी काकी तसबिरी सजवायची. जुन्या चित्रकारांच्या देवादिकांच्या चित्रांचे छाप तेव्हा घरोघरी असत. काकी त्यांवर गव्हाच्या खळीने जर, टिकल्या, मणी, रेशमी कापडाचे तुकडे चिकटवी आणि वर काच बसवी. मुलीला सासरी पाठवताना अशी एक लक्ष्मी बरोबर देत. जिने ती सजवली, तिला हळदीला बोलावणं पाठवून पुढच्या पाटावर बसवायची आमच्याकडे पद्धत होती. काकीला मूल नव्हतं. एरवी हळदीच्या वेळी बायका तिला नकळत मागे सारत. तसबिरीमुळे मात्र ती पुढे बसे.

त्या मे महिन्यात कोपरखैरण्याच्या एका मोठ्या शेतकरी घरातली बाई छाप घेऊन आली. तिच्या मुलीचं लग्न होतं. काकीने नमुना म्हणून भिंतीवरची स्वतःची लक्ष्मी खाली काढली. तिच्या लग्नातली, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. शेजारच्या दोघी-तिघी बघायला आल्या.

"ही तुमची इंग्रजी शाळेतली ना?" पाहुणीने मला विचारलं. "सांग गो, कशी हाय तसबीर?"

"तिला नका विचारू," काकी हसून म्हणाली. "तिच्या तोंडातनं शब्द काढायला आकडा लागतो."

सगळ्या हसल्या. म्हणून मी बोलले असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला येत होतं, म्हणून मी बोलले.

चित्रकलेच्या बाईंनी आम्हाला एक सवय लावली होती. चित्राचा एकेक भाग अंगठ्याने झाकायचा आणि चित्र ढासळतं का ते बघायचं. मी पाहुणीचा कोरा छाप जमिनीवर पसरला; चित्र काकीच्या तसबिरीतलंच होतं. दगडी पायऱ्यांवर उभी लक्ष्मी, मागे गडद हिरवं तळं. एवढ्या हिरव्यात एकच तांबडं, तिच्या पदराचा काठ. मी त्यावर अंगठा ठेवला.

"आता बघा."

चित्र विझल्यासारखं झालं. अंगठा काढला तसं पुन्हा उजळलं. पाहुणी वाकली. "खरंच की गो."

"चित्रकाराने तांबडं जपून वापरलंय," मी म्हटलं. "नजर काठावरून वर चढते आणि चेहऱ्यापाशी थांबते. तळं त्याने मुद्दाम मोकळं ठेवलंय. काकीच्या तसबिरीत तळ्यातही तांबड्या टिकल्या आहेत. नजर कुठेच थांबत नाही."

इथे मला थांबता आलं असतं. पण बायका ऐकत होत्या, आणि माझं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "चित्र बघणाऱ्या माणसाला हे वाण्याच्या दुकानासारखं वाटेल."

शेजारीण पदराआड हसली. "आनि आमी म्हनत होतो, लक्ष्मी सजली."

"पोरीच्या सासरी शिकलेली मानसं हायत," पाहुणी म्हणाली आणि छाप गुंडाळू लागली.

"टिकल्या कमी लावीन," काकी म्हणाली. "तळं सोडीन मोकळं."

"नको. कोराच देऊ." पाहुणी उठली. "हळदीला ये हां, जमलं तर."

जमलं तर. बोलावणं असं देत नाहीत. काकीला ते कळलं, मलाही कळलं.

दुपारी काकीने स्वतःच्या लक्ष्मीची काच काढली, ओल्या फडक्याने खळ भिजवली आणि सुरीच्या टोकाने एकेक टिकली उचलायला बसली.

"ये, बघ. तुजं चित्र निघतंय."

मी जवळ बसले. उघड्या राहिलेल्या जागी छाप पिवळट पडला होता. जरीखाली उजेड पोचलाच नव्हता. तिथे पदराचं तांबडं जसंच्या तसं होतं, आणि टिकल्यांखालचं पाणी मी कुठेच न पाहिलेलं हिरवं, जवळजवळ काळं. त्या चित्रकाराचा खरा रंग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. फार आनंद झाला मला. नाकावरचा मणी काढताना कागद सोलला आणि लक्ष्मीच्या चेहऱ्यावर पांढरं भोक पडलं, तरी मी रंगच बघत होते.

"झालं बरोबर?" काकीने विचारलं.

"डाव्या खांद्याजवळ थोडी जर राहिलीय," मी म्हटलं.

तिने तीही खरवडली.

हळदीच्या दिवशी कोपरखैरण्याहून बैलगाडी आली. बोलावणं आईला आणि मला. गाडीवाल्याने न विचारताच, काकीला बरं नाही, असं आईने त्याला सांगून टाकलं. काकी माझ्यामागे बसून माझी वेणी घालत होती.

"तिथं तसबिरीचं विचारलं तर तेच सांगशील?"

"विचारलं तर सांगेन."

तिने पेड घट्ट ओढला, रिबिन बांधली आणि म्हणाली, "जा मग. गाडी थांबलीय."