ओढ्यातला सायकल मार्ग

तर उत्तरेश्वर ओव्हाळांनी पुढ्यातली पाण्याची ती इवलीशी बाटली दोन बोटांच्या चिमटीत, मेलेलं झुरळ उचलावं तशी उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत नेऊन ठेवली, इथवर काल आलो होतो. बाटलीत पाणी चार घोट, भोवती प्लास्टिकचा कागद आणि त्या कागदावर छापलेलं ‘पृथ्वी वाचवा’. एसी असा की भर मे महिन्यात बायकांनी पदर कानावरून घेतलेले. भिंतीवर पंधरा फुटी फ्लेक्स: ‘हवामान कृती आराखडा, नागरिक कृतिगट, बैठक पहिली’. फ्लेक्सच्या नव्या रंगाचा वास आणि समोशाच्या तेलाचा वास एकत्र होऊन खोलीभर पसरलेला.

आता हे ओव्हाळ कोण, ते काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगायला हवं. मांजरीकडच्या एका ऊस संशोधन केंद्रात या माणसाने एकतीस वर्षं पाऊस मोजला. सकाळी साडेआठच्या ठोक्याला जायचं, पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, आतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नोंद करून मग लग्नाला उभे राहिले. द्वारकाबाई अजून आल्यागेल्याला सांगतात, “आमचं लग्न पावसाला विचारून लागलं हो.” एकदा एका साहेबाने सुचवलं, साडेबारा कशाला, तेरा लिहा, बेरजेला सोपं जातं. ओव्हाळ म्हणाले, “तो जादाचा अर्धा मिलिमीटर मी कुठून ओतू, साहेब?” साहेब हसले नाहीत, पण साडेबाराच राहिले.

असा माणूस त्या कृतिगटात शिरला तो मुलीमुळे. दीक्षा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिने मोबाईलवरूनच अर्ज भरला. “पप्पा, त्यांना लोकल जाणकार हवेत. पावसातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?” खोटं कशाला सांगू, ओव्हाळांना बरं वाटलं. नवा सदरा शिवला. गटात अकरा जण. नियम असा की अकराच्या अकरा सह्या पडल्याशिवाय आराखडा वर महापालिकेकडे जाणार नाही. निमंत्रक नम्रता मॅडम, खराडीच्या वीस मजली टॉवरमधल्या. बाई कामसू, आवाज गोड, कुणी काहीही बोललं की आधी म्हणायच्या, “छान मुद्दा!” आकडे आणि नकाशे करायला एक सल्लागार कंपनी, तिचा माणूस म्हणजे तेजस.

ओव्हाळांना त्या आराखड्यात एकच ओळ हवी होती. मांजरीतून नदीकडे जाणारा बोराटीचा ओढा. पूर्वी त्याचं पात्र चाळीस फूट. खराडीत कंपन्या आल्या, त्यांच्या माणसांना राहायला घरं लागली, उसाच्या फडांवर इमारती उठल्या आणि जो तो बांधणारा ओढ्याचा हातभर काठ खिशात घालत गेला. आता पात्र पंधरा फुटांवर आलेलं. वळणावर बावीस घरांची ओळ. तीन वर्षांपूर्वी त्या बावीस घरांत कमरेएवढं पाणी शिरलं होतं. कशीबशी माणसं वाचली. म्हणून ओळ ही, की ओढ्याचं पात्र मोकळं ठेवावं, त्यात काही बांधू नये. बस.

पहिल्या बैठकीत त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. “छान मुद्दा!” मॅडम म्हणाल्या आणि समोसे आले.

दुसऱ्या बैठकीत तेजसने भिंतीवर नकाशा लावला. रंगीत, झकपक. ओव्हाळ चष्मा सावरत जवळ गेले आणि नदीपासून बोट मागे मागे आणू लागले. ओढा सापडेना. ओढ्याच्या जागी हिरवीगार रेघ, तिच्यावर चिमुकल्या सायकली.

“हे काय?”

“हरित सायकल मार्ग, काका,” तेजस खुशीत म्हणाला. “साडेतीन किलोमीटर, काँक्रीटचा, दोन्ही बाजूंना झाडं. लोकांनी गाड्या सोडल्या की कार्बन कमी. आपल्या प्लॅनचा फ्लॅगशिप प्रोजेक्ट!”

“इथं ओढा आहे.”

“नाही काका. आमची टीम स्वतः चालून आलीय तिथून.”

“चालून? कधी?”

“एप्रिलमध्ये. ऑलरेडी वाट आहे ती. टू-व्हीलर जातात, शाळेची मुलं जातात, म्हशी जातात. एका आजोबांना विचारलं, तर तेही म्हणाले, याच वाटेने सरळ जा.”

बघा आता! एप्रिलमध्ये ओढ्यात पाणी कुठलं? उन्हाळ्यात अख्खी वस्ती ओढ्यातूनच ये-जा करते, ते जवळ पडतं. चार महिने ओढा नि आठ महिने वाट, हे तिथल्या म्हशीलाही ठाऊक. आणि ही हवामानाची तज्ज्ञ मंडळी कडक उन्हात टोप्या घालून ओढ्याच्या तळातून चालत गेली, वर ‘रस्ता चांगला आहे’ अशी नोंद करून आली. ओव्हाळांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. दूध पिताना तोंडात माशी यावी तसं त्यांचं तोंड झालं.

“उद्या सकाळी माझ्याबरोबर या,” एवढंच ते बोलले.

पोरगा वाईट नव्हता, आला. ओव्हाळांनी त्याला थेट तुळजाबाईंच्या दारात उभा केला. तुळजाबाई बावीस घरांतल्या मधल्या घरात राहतात, खराडीच्या ऑफिसांना पोळ्यांचे डबे देतात. हात पिठात होता, तशाच बाहेर आल्या.

“तुळजाबाई, हे साहेब इथं सायकलींसाठी रस्ता करणार आहेत. ओढ्यात. काँक्रीटचा.”

तुळजाबाईंनी तेजसला बुटांपासून केसांपर्यंत पाहिलं. “आन् पानी कुठनं जायचं? सायकलवर बसून?”

“मावशी, बाजूने पाइप टाकणार आहोत आम्ही.”

“केवढा?”

तेजसने हाताने दाखवला. तुळजाबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि आत नेलं. पीठ लागलं बाहीला. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मातकट रेघ, आडवी, चारी भिंतींवर. दोनदा रंग दिला तरी वर येणारी. “हितवर आलं हुतं. सासू आजारी हुती, तिला टेबलावर ठेवली नि टेबल आम्ही दोघी जावांनी धरून ठेवलं. गादी वाहून गेली, पिठाची चक्की गेली. हे तुझ्या त्या पाइपातनं जातंय का सांग की लेकरा. जात असंल तर माझी काय ना न्हाई.”

तेजसने भिंतीला टेकून रेघ आपल्या कमरेशी ताडून पाहिली. मग मोबाईलने फोटो काढला. जाताना म्हणाला, “काका, चूक झालीय. टाकतो मी रिपोर्टमध्ये.”

ओव्हाळ त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी जास्त जेवले. “पोरगा शहाणा आहे,” द्वारकाबाईंना म्हणाले. आणि जुन्या वहीतले सगळ्या मोठ्या पावसांचे आकडे स्वच्छ अक्षरात उतरून त्यांनी तेजसला पाठवून दिले.

तिसरी बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात. आराखडा छापून आला होता, गुळगुळीत जाड कागद, बोट लावलं तर ठसा उमटावा असा. ओव्हाळांनी नकाशाचं पान उघडलं. हिरवी रेघ तिथेच. सायकली तिथेच. पानं उलटत गेले. शेवटाकडे, परिशिष्टात, एक पिवळी चौकट सापडली. मथळा ‘आठवणींतला पाऊस’. खाली ओव्हाळांचा फोटो, नव्या सदऱ्यातला, आणि मजकूर: ‘वस्तीतील ज्येष्ठांच्या मते येथे पूर्वी ओढा वाहत असे, अशी आख्यायिका आहे.’

आख्यायिका! एकतीस वर्षांचे मिलिमीटर आणि तुळजाबाईंची भिंत, सगळं मिळून आख्यायिका! ओव्हाळांना वाटलं, कुणीतरी उष्टा हात आपल्या नव्या सदऱ्याला पुसला. तेजस समोरच होता, पण मान वर करेना. हळूच म्हणाला, “काका, मी टाकलं होतं. वरून बदललं. सायकल मार्गाला एका कंपनीने मदत जाहीर केलीय ना.”

ती कंपनी म्हणजे दीक्षाचीच. सकाळीच तिचा फोन आला होता, “पप्पा, आज सही झाली की सत्कार आहे तुमचा. आमचे मॅनेजर येणार आहेत. प्लीज, आज काही बोलू नका हं.” आणि खरोखर, टेबलावर शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकच्या कुंडीत एक मलूल रोप मांडून ठेवलेलं होतं. दीक्षा मागच्या रांगेत बसली होती, मोबाईल फोटोसाठी तयार धरून.

दहा सह्या झाल्या. कागद फिरत फिरत ओव्हाळांपुढे आला. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग मान वळवून मागे मुलीकडे पाहिलं. म्हणाले, “दीक्षा, तो मोबाईल खाली ठेव.” तिने ठेवला.

नम्रता मॅडम जवळ आल्या. “काका, तुमचा मुद्दा छानच आहे. पण दुरुस्त्या आपण पुढच्या टप्प्यात करू ना. आत्ता फक्त सही. दहा जणांनी केलीय. तुमच्या एकट्यामुळे सगळा आराखडा अडून बसेल हो.”

ओव्हाळांनी पेनाला टोपण लावलं, कागद मॅडमकडे सरकवला आणि त्यांना म्हणाले, “अडू दे की, मॅडम. आत्ता नाही अडला तर ऑगस्टात पाणी अडेल, आणि तेव्हा ती बावीस घरं तुम्हाला शोधत येणार नाहीत, कारण तुमचं घर त्यांना माहीत नाही. माझं माहीत आहे.”